दहा मिनिटांची वीज

चतुर्थीच्या आधीची साफसफाई सुरू आहे. माळ्यावरून एक गोण खाली घ्यायला गेलो तर ती हलेना. उघडून बघितली तर आत कॉम्प्युटरच्या यूपीएसच्या पाच मेलेल्या बॅटऱ्या. त्यातली एक दोन्ही बाजूंनी एवढी फुगलेली की ती काढताना यूपीएसचा डबाच कापावा लागला होता. आई खालून म्हणाली, "ही धोंड घरात कित्याक ठेवलंस?"

का ठेवल्या ते आता आठवत नाही. जुनी बॅटरी दिली की दुकानदार थोडे पैसे कमी करतो, म्हणून ठेवल्या असतील आणि न्यायला विसरलो असेन. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बसल्या बसल्या हिशोब केला. २००४ सालापासून या घरात चार यूपीएस आले आणि अकरा बॅटऱ्या. (सगळी बिलं जपून ठेवली आहेत असं नाही, पण दुसऱ्या बॅटरीनंतर प्रत्येकीवर मार्करने तारीख घालायची सवय लागली.) म्हणजे एक बॅटरी दोन वर्षंसुद्धा नीट टिकलेली नाही. बनवणारे तीन ते पाच वर्षं सांगतात.

ही माझ्या एकट्याची रड असती तर इथे लिहिली नसती. पण वालावल, नेरूर, चेंदवण, पाट, परुळे, कुठेही ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे त्याला विचारा. गोण त्याच्याकडेही निघेल. त्या गोणीत आपल्या भागातल्या विजेचा वीस वर्षांचा इतिहास पडलेला आहे आणि तो कुठल्याही सरकारी अहवालात नाही. पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

पहिला कॉम्प्युटर घेतला २००४ मध्ये, सेकंडहँड. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो होतो, बातमीचे पैसे कॉलमवर मिळायचे. श्रीलिपीत टाईप करायचं आणि डायल-अपवर पाठवायचं. एका संध्याकाळी पंचायत समितीच्या सभेची बातमी संपत आली होती. लाईट डोळा मिचकावल्यासारखी गेली आणि आली. ट्यूबलाईट नीट विझलीसुद्धा नाही, पण कॉम्प्युटर मात्र पहिल्यापासून सुरू झाला. बातमी गेली. कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा वीज गेल्यावर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढाच दम धरतो, हे मला खूप नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हो यूपीएस घेवन जावा, अर्धो तास चलतलो." चालला दहा मिनिटं. तेही नवा होता तेव्हा.

दुकानदार मुद्दाम खोटं बोलला असं मला वाटत नाही. डब्यावर ६०० असा आकडा होता आणि आम्ही दोघंही त्याला वॅट समजत होतो. तो व्हीए असतो, प्रत्यक्षात त्यातून ३६० वॅट मिळतात. आणि हा आकडा फक्त किती भार उचलेल ते सांगतो, किती वेळ उचलेल ते नाही. वेळ ठरतो आतल्या बॅटरीवर. ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर. पण हे सात अँपिअर-अवर मिळतात ते वीस तासांत सावकाश वापरले तर. कॉम्प्युटर आणि त्या काळचा तो पोटुशा मॉनिटर मिळून दीडशे वॅट खायचे. एवढ्या घाईने ओढलं की निम्मंही हाती लागत नाही. म्हणजे दहा-बारा मिनिटं. नंतर सतत शिट्टी, मग काळोख. ती शिट्टी वाजली की आई स्वयंपाकघरातून सांगायची, "तुझो डबो रडाक लागलो."

आता हा डबा आला कुठून ते बघा. शिसं आणि आम्लाची बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. पाणी न घालता चालणारी बंद बॅटरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात तीन इंजिनिअरांनी अमेरिकन पॉवर कन्व्हर्जन नावाची कंपनी काढली. त्यांना खरं तर सौरऊर्जेवर काम करायचं होतं. त्या क्षेत्रातला सरकारी पैसा आटला तसे ते यूपीएसकडे वळले आणि १९८४ मध्ये त्यांचा पहिला यूपीएस आला. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं आणि कॉम्प्युटर स्वस्त व्हायला सुरुवात झाली.

हा छोटा यूपीएस ज्या देशात घडला तिथे लाईट क्वचित जाते. गेलीच तर दहा मिनिटांत फाईल सेव्ह करा, मशीन नीट बंद करा आणि झोपायला जा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. बॅटरी वर्षातून चार-सहा वेळा वापरली जाईल, बाकी वेळ भरलेली राहील. पुन्हा पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात, पण तिथे ते चालतं. आम्ही तोच डबा अशा गावात आणला जिथे तो दिवसातून चार वेळा रिकामा होणार होता.

चार वेळा का, याला मात्र थोडं मागे जावं लागतं.

सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाची वीज आधी मुंबईने वापरली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, गिरण्यांसाठी. कोयनेचं पहिलं जनित्र १९६२ मध्ये फिरलं. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात उतरतं, पोफळीला जमिनीखालच्या केंद्रात वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. कोकणातल्या बहुतेक गावांना त्या रात्री काही फरक पडला नाही. त्यांच्याकडे जायला लाईटच नव्हती. दशावताराचे खेळ पेट्रोमॅक्सवर होत होते.

राज्य वीज मंडळ स्थापन झालं २० जून १९६० ला. मग गावोगाव खांब आले. इथे एक गंमत सांगतो. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्येनुसार गावच्या हद्दीत कुठल्याही एका कामाला वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकरण झालेलं. एक पंप चालला तरी पुरे. २००४ मध्ये व्याख्या सुधारली: किमान दहा टक्के घरांत वीज हवी, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी हवी. नव्वद टक्के घरं अंधारात असली तरी चालेल. आणि वीज किती तास, किती दाबाची, हे कुठेच नाही. तार पोचली की आपलं काम झालं, ही सवय तिथून लागली असं माझं मत आहे.

मग एन्रॉन. त्याची कहाणी नव्याने सांगत बसत नाही. गुहागर तालुक्यात, म्हणजे आमच्याच कोकणात, दोन हजार मेगावॉटच्या वरचा प्रकल्प व्हायचा होता. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून मे २००१ मध्ये बंद पडला. वीज येणारच आहे या भरवशावर असलेल्या राज्याने त्या काळात नवी निर्मिती फारशी उभी केली नव्हती. मागणी मात्र वाढत गेली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, तेव्हा तूट चार हजार मेगावॉटच्या आसपास पोचली होती. भारनियमन हा शब्द घराघरांत आला तो तेव्हा.

भारनियमनाचं वेळापत्रक मी स्वतः टाईप करून पेपरला पाठवायचो. सोमवार-मंगळवार या वेळेत, बुधवार-गुरुवार त्या वेळेत. लोक बातम्यांआधी तो चौकोन वाचायचे. ज्या भागात वीजचोरी आणि गळती जास्त, वसुली कमी, तिथे जास्त तास, असं वीज नियामक आयोगाने ठरवून दिलं होतं. २००६ मध्ये पुण्याने वेगळा मार्ग काढला. तिथल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी उचलला आणि शहर भारनियमनातून सुटलं. ज्यांच्याकडे कारखाने नव्हते त्यांनी काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

आता आमच्याकडची खरी गोष्ट. सिंधुदुर्गात आकडे टाकणारे कमी, बिलं वेळेवर भरणारे जास्त, शेतीपंपही घाटावरच्या मानाने थोडे. त्यामुळे वेळापत्रकात आमच्या वाट्याला तास कमी यायचे. पण वेळापत्रकाबाहेर जी लाईट जायची तिचं काय? फणसाची फांदी पडली, माडाचं झावळ तारेवर आलं, डीओ उडाला, जंपर तुटला. मिरगाचा पहिला पाऊस पडला की हमखास. गाव मैलभर पसरलेलं, वाड्या विखुरलेल्या, डीपीपासून शेवटच्या घरापर्यंत खांबांची लांबच लांब रांग, तीही झाडांतून. २०१२ च्या शेवटी राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं (जास्त गळतीचे फिडर सोडून, हे बारीक अक्षरात). घाटावर त्याने फरक पडला असेल. फणसाच्या फांदीला ती घोषणा कोणी वाचून दाखवली नाही.

आणि ह्या सगळ्यापेक्षा बॅटऱ्या कोणी मारल्या असतील तर डीम लाईटने. १९५६ च्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याचा दाब ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्के इकडे किंवा तिकडे, एवढीच मुभा होती. २३० धरले तर २१६ ते २४४. आमच्याकडे संध्याकाळी सातला मीटर लावला तर १७०-१८० दिसायचे, लग्नसराईत त्याहून खाली. यूपीएस अशा वेळी आधी आतल्या रिलेने दाब वाढवायला बघतो, टक-टक आवाज येतो तो त्याचा. दाब आणखी खाली गेला की तो समजतो लाईट गेली, आणि बॅटरीवर जातो. घरात बल्ब पेटलेला, पंखा रखडत फिरतोय आणि कॉम्प्युटर बॅटरीवर! अशी बॅटरी रोज अर्धी रिकामी होते आणि कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते मग जात नाहीत. त्यात आमची हवा. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून काढलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टेबलाखाली, भिंतीला चिकटवलेल्या डब्यात किती अंश असतील, तुम्हीच धरा.

यात माझ्याही चुका होत्या, त्या लपवत नाही. काम झाल्यावर कॉम्प्युटर बंद करायचो, यूपीएस तसाच चालू. लाईट नसली की तो आतल्या आत बॅटरी खात बसायचा. प्रिंटरही त्यालाच जोडलेला. अर्थिंग जुनं होतं. आमच्या जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंगला ओल लागत नाही, खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, हे एका वायरमनने सांगितलं तेव्हा कळलं. एकदा वीज कडाडली आणि मोडेम जळाला, पण ती आली होती टेलिफोनच्या तारेतून. यूपीएस बिचारा बघत राहिला.

पुढे घरोघरी मोठे इन्व्हर्टर आले. यूपीएसवाल्यांना वाटलं सुटलो. पण साधा इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून कंपन्यांनी मागे एक बटण दिलं: यूपीएस मोड. बटण त्या बाजूला केलं की कॉम्प्युटर टिकतो, पण मग दाब १८० च्या खाली गेला की अख्खं घर बॅटरीवर जातं. दुसऱ्या बाजूला केलं की घर टिकतं, कॉम्प्युटर जातो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हे बटण मागे आहे हेच माहीत नाही.

दरम्यान कॉम्प्युटर ही चैन राहिली नव्हती. २००१ पासून एमएससीआयटीचे वर्ग निघाले. २०११ मध्ये 'संग्राम' योजनेतून ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर आले, दाखले त्यावर निघू लागले. सातबारा ऑनलाईन झाला. तीस रुपयांच्या दाखल्यासाठी वाडीतून चालत आलेली म्हातारी लाईट नाही म्हणून परत जाताना मी बघितली आहे. सगळा कारभार विजेवर आणायचं ठरवणारे वेगळे आणि वीज पुरवणारे वेगळे, आणि दोघांची गाठ पडायची ती त्या टेबलाखालच्या सात अँपिअर-अवरच्या बॅटरीत.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. खांब मोडून पडले, तारांवर झाडं. त्याच महिन्यात १८ वर्षांवरच्यांचं लसीकरण सुरू झालं होतं आणि नोंदणी ऑनलाईन करणं सक्तीचं होतं. लाईट नाही, मोबाईल टॉवरही काही तासांत आडवे. (टॉवर तरी काय, मोठा यूपीएसच. बॅटरी संपली, डिझेल पोचलं नाही, की संपला.) माणसं रेंजसाठी सड्यावर चढत होती. आमच्या वाडीत वीज परत आली तेव्हा आम्ही दिवस मोजायचं सोडून दिलं होतं. त्या दिवसांत पावसात खांबावर चढलेले वायरमन मी जवळून बघितले आहेत. त्यातले कित्येक कंत्राटी. एकाला म्हटलं जेवून जा, तर म्हणाला, "अजून तीन जंपर बाकी आसत, मगे येतंय." ही पोस्ट त्यांच्याविरुद्ध नाही, हे आवर्जून लिहितो.

ती नियमांविषयी आहे. २००५ मध्ये वीज नियामक आयोगाने सेवेची मानकं ठरवली. डीपी जळाला तर शहरात २४ तासांत बदलायचा, ग्रामीण भागात ४८ तासांत. नाही बदलला तर ताशी ५० रुपये भरपाई. खेड्यातल्या माणसाने दुप्पट वाट बघावी हे कागदावरच ठरलं. शिवाय पूर, चक्रीवादळ आणि आकाशातली वीज पडणं यांत ही मानकं लागू नाहीत. कोकणात जून ते सप्टेंबर दुसरं काय असतं? आणि पाच-पाच मिनिटांनी दहा वेळा गेलेली लाईट या कोष्टकात बसतच नाही. ती फक्त बॅटरीला कळते.

म्हणून मी म्हणतो की या गोणीची नोंद व्हायला हवी. पुरवठा सलग आणि पुरेशा दाबाचा ठेवायचा खर्च ज्यांनी करायचा त्यांनी केला नाही, तो आम्ही सहाशे-सातशे, आता हजारच्या घरात, असा तुकड्या-तुकड्यांनी केला. वीजबिलात तो दिसत नाही. दरवाढीच्या प्रस्तावात दिसत नाही. उलट घरोघरी बॅटरी आल्यामुळे तक्रारी कमी झाल्या आणि पुरवठा सुधारल्यासारखा दिसू लागला.

शिशाचं काय होतं तेही बघा. एका छोट्या बॅटरीचं वजन दोन-अडीच किलो, बरंचसं शिसं. विकणाऱ्याने जुनी बॅटरी परत घ्यायची, असा नियम २००१ मध्ये आला, २०२२ च्या नव्या नियमांनी बनवणाऱ्यांवर जबाबदारी टाकली. तरी गावात येतो तो भंगारवाला. कुठेतरी आम्ल जमिनीत ओततात आणि बॅटरी फोडतात. आमचं पिण्याचं पाणी अजून विहिरीचं आहे. म्हणून गोण त्याला दिली नाही, कुडाळला दुकानात नेऊन देणार आहे.

आणि आता सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. शेजारच्या वाडीत एकाने हौसेने बसवलं. परवा भर दुपारी लाईट गेली, वर रखरखीत ऊन, आणि घरात काळोख. मला फोन: "रे, वर पॅनल आसत, मग लाईट कशी गेली?" बाहेरची लाईट गेली की असं सोलर आपोआप बंद पडतं. तसं नाही केलं तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक लागेल. कारण बरोबर आहे, पण त्याला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. अंधारात चालणारं हवं तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर, आणि त्याचा खर्च वेगळा. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे परत बॅटरीच?"

वीजदरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जनसुनावणी घेतो. कुठलाही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, वकील लागत नाही. पुढच्या वेळी मी देणार आहे. त्यात भाषण नको, आकडे हवेत. म्हणून आपापल्या घरातल्या बॅटऱ्या मोजा: कुठल्या साली कॉम्प्युटर किंवा इन्व्हर्टर घेतला, आजवर किती बॅटऱ्या बदलल्या, संध्याकाळी सातला व्होल्टेज किती असतं. गावाचं नाव आणि हे तीन आकडे, एवढंच लिहून कळवा. पहिली नोंद: वालावल, २००४, अकरा बॅटऱ्या, काल संध्याकाळी १८८ व्होल्ट.